होसे आंद्रेस यांची वाटचाल आणि बेळगावातली एक नियोजित खानावळ : सल्ला हवा आहे

मलप्रभाकाठ (खानापूर)

नमस्कार मंडळी. मी आणि माझी धाकटी जाऊ, आम्ही दोघी मिळून येत्या जूनपासून बेळगावात उद्यमबागेच्या बाजूला खानावळ काढण्याच्या विचारात आहोत. गिऱ्हाईक दोन प्रकारचे धरले आहे, एक फाउंड्री आणि मशिनशॉपमधले कामगार आणि दुसरे टिळकवाडीकडे खोल्या घेऊन राहणारे विद्यार्थी. स्वयंपाकघरातल्या निम्म्या जागा खानापूर तालुक्यातल्या, घरचा आधार तुटलेल्या बायकांसाठी ठेवाव्यात आणि सहा-आठ महिन्यांत त्यांना हा व्यवसाय शिकवून पुढे कुठेतरी चांगल्या पगारावर लावून द्यावे, असा आमचा मनसुबा आहे. 2023 च्या जूनपासून कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेमुळे बायकांना सरकारी बसच्या तिकिटाचे पैसे लागत नाहीत, त्यामुळे नंदगडकडून रोज येणे-जाणे आता जमण्यासारखे झाले आहे. एरवी पगारातला मोठा घास बसभाड्यानेच गिळला असता.

घरात यावर एकमत नाही. मामंजींचे म्हणणे असे, की धंदा करायचा तर धंदा करा आणि अन्नदान करायचे तर देवळात करा, दोन्ही एका पातेल्यात शिजत नाही. या वादात मला होसे आंद्रेस या आचाऱ्याची वाटचाल महत्त्वाची वाटली, म्हणून ती थोडक्यात मांडते.

आंद्रेस यांचा जन्म 1969 चा, स्पेनमधल्या अस्तुरियास प्रांतातला. वडील मोकळ्या जागी चूल मांडून मोठ्या कढईत पाएया हा भात करत आणि मुलाला फक्त जाळ सांभाळायला लावत. आधी विस्तव ताब्यात ठेवायला शिक, मग उलथणे हातात घे, असा तो धडा होता. पुढे त्यांनी फेरान आद्रिया यांच्या एल बुयी या नावाजलेल्या उपाहारगृहात उमेदवारी केली, नौदलातली सक्तीची सेवाही स्वयंपाक करीतच काढली आणि विशीच्या सुरुवातीला ते अमेरिकेत पोहोचले. 1993 मध्ये वॉशिंग्टनमध्ये ‘हालेओ’ हे उपाहारगृह सुरू झाले. छोट्या-छोट्या ताटल्यांतून वाढायचे स्पॅनिश खाणे तेव्हा तिथे नवखे होते, ते त्यांनी रुळवले. 2002 मध्ये ‘झायटिन्या’ निघाले, आणि पुढे ‘मिनीबार’ या अगदी मोजक्या लोकांना वाढणाऱ्या उपाहारगृहाला मिशेलिन या उपाहारगृहांची प्रतवारी करणाऱ्या नामांकित मार्गदर्शिकेचे दोन तारे मिळाले.

याच शहरात ‘डीसी सेंट्रल किचन’ नावाची संस्था 1989 पासून काम करत होती. राष्ट्राध्यक्षांच्या शपथविधीच्या मेजवान्यांतले उरलेले अन्न गोळा करून तिची सुरुवात झाली, आणि तुरुंगातून सुटलेल्या, व्यसनातून बाहेर पडणाऱ्या, बेघर झालेल्या माणसांना स्वयंपाकाचे शिक्षण देऊन हॉटेलांत कामाला लावणे हा तिचा गाभा आहे. आंद्रेस तिथे स्वयंसेवक म्हणून गेले आणि पुढे तिच्या संचालक मंडळाचे अध्यक्ष झाले. 2010 मध्ये हैतीत भूकंप झाला, त्यानंतर त्यांनी ‘वर्ल्ड सेंट्रल किचन’ स्थापन केली. 2017 च्या सप्टेंबरात मारिया चक्रीवादळाने पोर्तो रिको हे अमेरिकेच्या ताब्यातले बेट उद्ध्वस्त केले, तेव्हा काही दिवसांतच ते तिथे पोहोचले आणि स्थानिक आचाऱ्यांना हाताशी धरून पुढच्या काही महिन्यांत 37 लाखांच्या आसपास जेवणे वाढली गेली.

माझा प्रश्न असा : हे सगळे उपाहारगृहांच्या नफ्यावर उभे राहिले, की देणग्यांवर? आणि पहिल्या दिवसापासून धंदा व समाजकार्य एकत्र चालवणाऱ्या आमच्यासारख्यांनी या माणसाकडून घ्यावे असे त्यात काही आहे, की ते कौतुकाने वाचून बाजूला ठेवावे?

हिशेबनीस (शहापूर, बेळगाव)

ताई, तुमच्या मामंजींचे निम्मे बरोबर आहे. आंद्रेस यांची उपाहारगृहे नफ्यासाठी चालणारी आहेत आणि वर्ल्ड सेंट्रल किचन ही स्वतंत्र, विनानफा संस्था आहे. एकीच्या गल्ल्यातून दुसरीचा खर्च भागतो, असे तिथे घडलेले नाही. संस्थेकडे येणारा पैसा मुख्यतः देणग्यांचा आहे. 2021 मध्ये अ‍ॅमेझॉनचे संस्थापक जेफ बेझोस यांनी आंद्रेस यांना दहा कोटी डॉलर दिले ते परोपकारासाठी वापरायचे म्हणून. पोर्तो रिकोत तर अमेरिकेच्या सरकारी आपत्ती विभागाशी जेवणांच्या पुरवठ्याचे करार झाले होते, आणि त्या करारांच्या मुदतीवरून व रकमेवरून दोन्ही बाजूंत चांगलीच खडाजंगी झाली.

मग उपाहारगृहांनी दिले काय? नाव दिले, माणसे दिली आणि धंद्याची शिस्त दिली. हजार माणसांना किती तांदूळ लागतो, कोणता व्यापारी रात्री अकरा वाजता गोदाम उघडून देईल, शिजलेले अन्न किती वेळ टिकते, हे समाजसेवकापेक्षा हॉटेलवाल्याला जास्त कळते. त्यांच्या वाटचालीतला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग 2020 चा आहे. कोरोनाच्या साथीत मार्चमध्ये त्यांनी आपली उपाहारगृहे बंद करून त्यांतल्या काहींची सार्वजनिक स्वयंपाकघरे केली, आणि त्यांच्या संस्थेने अमेरिकेतल्या छोट्या-छोट्या हॉटेलांना ताटामागे ठरलेला दर देऊन गरजूंसाठी जेवण करायला लावले. म्हणजे देणगी ही हॉटेलला भीक म्हणून मिळाली नाही, तर विक्री म्हणून मिळाली. हॉटेलचे भाडे निघाले, आचाऱ्याची नोकरी टिकली आणि उपाशी माणसाला गरम ताट मिळाले.

तुम्हीही दाता हे एक गिऱ्हाईकच धरा. खानावळ तुम्हा दोघींच्या भागीदारीत, पूर्ण व्यापारी तत्त्वावर ठेवा. बायकांच्या शिक्षणाला जो जादा खर्च येणार आहे, म्हणजे नासाडी, मंद गतीमुळे वाढलेली मजुरी आणि शिकवणाऱ्याचा वेळ, तो वहीत वेगळ्या खात्यावर लिहा. तो आकडा तीन-चार महिन्यांत स्पष्ट होईल. पुढे कोणी कारखानदार मदत करू म्हणाला, तर त्याच्यासमोर तो आकडा ठेवता येतो आणि त्या वेळी विश्वस्त संस्था किंवा कंपनी कायद्याच्या कलम 8 खालची विनानफा कंपनी काढता येते. आजच ती काढून बसू नका. तिचे लेखापरीक्षण आणि विवरणपत्रे यांतच जीव मेटाकुटीला येतो.

दोन्ही एकत्र केल्यावर काय होते, त्यासाठी जेमी ऑलिव्हर या नामवंत ब्रिटिश आचाऱ्याकडे पाहा. 2002 मध्ये त्यांनी लंडनमध्ये ‘फिफ्टीन’ काढले आणि बेकार तरुणांना तिथे आचारी म्हणून घडवायला घेतले. कल्पना उत्तम होती. पण 2008 पासून त्यांची ‘जेमीज इटालियन’ ही साखळी वाढत गेली, ती कर्जात बुडाली, त्यांनी स्वतःचे आणि आपल्या अन्य कंपन्यांचे मिळून सव्वा कोटी पौंडांवर रक्कम ओतली, तरी 2019 च्या मे महिन्यात त्यांच्या ब्रिटनमधल्या एकूण 25 पैकी 22 उपाहारगृहे बंद पडली आणि सुमारे हजार माणसांचे काम गेले. त्या बावीसमध्ये ‘फिफ्टीन’ही होते.

वेदगंगेकाठचा (निपाणी)

पैशाची बाजू वर आलीच आहे, मी वाढण्याच्या बाजूविषयी लिहितो, कारण 2019 आणि 2021 या दोन्ही महापुरांत आमच्या भागातल्या पूरग्रस्तांच्या काळजी केंद्रांवर स्वयंपाकाच्या कामात मी होतो.

हैतीतली एक हकीकत आंद्रेस नेहमी सांगतात. छावणीत ते काळा घेवडा शिजवत होते, त्यांच्या मते तो उत्तम शिजला होता, पण तिथल्या बायकांनी त्यांना अडवले. आम्ही तो असा अख्खा खात नाही, असे सांगून त्यांनी तो घोटून, चाळणीतून गाळून, सायीसारखी दाट आमटी करून दाखवली. एवढा नावाजलेला आचारी त्या दिवशी त्या बायकांचा शागीर्द झाला, आणि ज्याला वाढायचे त्याला आधी विचारायचे, हे त्यांच्या संस्थेच्या कामाचे सूत्र तिथून पक्के झाले.

आता आमच्याकडे पाहा. पुराच्या पहिल्या दोन दिवसांत बाहेरून पाव-बिस्किटांचे खोक्यांवर खोके येतात. पोरे ती खातात, पण तोंडाची चव गेलेला म्हातारा माणूस ओला पाव हातात घेऊन नुसता बसून राहतो. त्याला हवी असते ज्वारीची भाकरी आणि वाटीभर झणझणीत आमटी. दुसरी गोष्ट बाहेरच्यांच्या ध्यानातच येत नाही : आमच्याकडचा शेतकरी जनावरे सोडून केंद्रावर येत नाही. बायका-मुले शाळेत किंवा मंगल कार्यालयात आणि कर्ता माणूस म्हशी घेऊन माळावर, अशी घराची फाळणी होते, आणि केंद्रावरचे जेवण मोजताना माळावरची माणसे मोजलीच जात नाहीत. एका सधन मंडळाने पाठवलेला आमटी-भाताचा टेंपो या कारणाने निम्मा परत गेला, कारण पातळ आमटी चिखलातून माळावर पोहोचवणार कशी? त्यानंतर आमच्या गल्लीतल्या बायकांनी भाकऱ्या, खर्डा आणि भाजलेले शेंगदाणे यांच्या पुरचुंड्या बांधल्या. त्या ट्रॅक्टरवरूनही जातात आणि दुसऱ्या दिवशीही खाता येतात.

तिसरी गोष्ट पुलांची. पावसाळ्यात जत्राट-भिवशी आणि कल्लोळ-यडूर यांसारखे बंधारे पाण्याखाली जातात, आणि यमगर्णीजवळ तर महामार्गच तुंबतो. एका काठावर कितीही मोठे स्वयंपाकघर असले, तरी पलीकडच्या काठाला त्याचा उपयोग शून्य. पोर्तो रिकोतही रस्ते तुटले होते, म्हणून आंद्रेस यांनी सान हुआनमधल्या एका स्थानिक आचाऱ्याच्या उपाहारगृहापासून सुरुवात करून पुढे बेटभर शाळांची, चर्चची स्वयंपाकघरे चालू केली. स्वतःची भांडी घेऊन ते कुठे गेले नाहीत. जिथे चूल होती, तिथली चूल त्यांनी पेटवली.

म्हणून ताई, तुमची खानावळ उभी राहिली, की वर्षातले दहा महिने ती कामगारांना जेवू घालील आणि पुराच्या आठवड्यात तिचीच भट्टी उपयोगी पडेल. त्यासाठी वेगळे अन्नछत्र नको. फक्त तुमच्याकडे शिकून गेलेल्या बायका कोणत्या गावात आहेत, याची वही ठेवा. तीच तुमची प्रत्येक काठावरची चूल.

गिरणगाव रिटायर (कडोली)

हिशेबनीस यांच्याशी एका बाबतीत मी सहमत नाही. ‘फिफ्टीन’ बुडाले ते समाजकार्य धंद्यात मिसळल्यामुळे नव्हे. बुडाली ती चौकाचौकांत काढलेली साखळी : भरमसाट भाडी, वाढते कर आणि त्याच दराने तसेच खाणे देणारे पन्नास स्पर्धक यांनी ती बुडवली, आणि शिकाऊ पोरांचे स्वयंपाकघर तिच्याबरोबर वाहून गेले. कॉर्नवॉलमधले ‘फिफ्टीन’ वेगळ्या मालकीचे असल्यामुळे मे महिन्यात वाचले होते, तेही त्या डिसेंबरात बंद झाले, हे मान्य. पण यातून काढायचा अर्थ ‘धंद्यात समाजकार्य नको’ असा नसून ‘एकाच्या हव्यासाला दुसऱ्याची मान अडकवू नका’ असा आहे. त्याच ऑलिव्हर यांनी 2005 मध्ये शाळांतल्या निकृष्ट जेवणाविरुद्ध रान उठवले आणि ब्रिटिश सरकारला 28 कोटी पौंडांची तरतूद जाहीर करावी लागली, हेही त्यांच्या खात्यावर जमा धरायला हवे.

आणि वॉशिंग्टनची उदाहरणे कशाला? आपल्या भागातून, चंदगड-खानापुरातून, माणसे मुंबईच्या गिरण्यांत गेली, तेव्हा त्यांना जेवू कोणी घातले? दहा बाय दहाच्या खोलीत स्टोव्हवर वीस-पंचवीस जणांचे दोन वेळचे रांधणाऱ्या खानावळवाल्या बायकांनी. त्या वाण्याकडून उधारीवर किराणा उचलत, सावकाराकडून चढ्या व्याजाने पैसे घेत, आणि कामगाराचा पगार झाला की तो सगळा पैसा जसा आला तसा उधारी फेडण्यात जाई. संप झाला की कामगार खाणार, पण पैसे देणार कुठून? 1975 मध्ये प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले आणि पहिल्या 14 बायकांना राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज मिळवून दिले. त्यांचे पती दादा पुरव बँक कर्मचाऱ्यांचे पुढारी होते, त्यामुळे बँकेच्या पायऱ्या कशा चढायच्या हे त्या घराला ठाऊक होते. तारण काहीच नसलेल्या बायकांनी एकमेकींची हमी घेतली आणि कर्जे फेडली. पुढे शिक्षण, वसतिगृह, केटरिंग असे काम वाढले आणि 2002 मध्ये प्रेमाताईंना पद्मश्री मिळाली.

आंद्रेस हे थोर आहेतच. 2024 च्या एप्रिलमध्ये गाझात त्यांच्या संस्थेचे सात जण हवाई हल्ल्यात मारले गेले, तरी महिना संपायच्या आत काम पुन्हा सुरू झाले, याला धैर्य लागते. पण ते राजधानीत बसलेले नामवंत आचारी आहेत, त्यांच्या एका फोनवर दारे उघडतात. तुमची दारे स्त्रीशक्ती संघ (बायकांचे बचत गट) आणि बँकेची शाखा, एवढीच आहेत, आणि ती प्रेमाताईंच्या किल्लीने उघडतात. तुम्ही शिकवलेल्या बाईला दुसरीकडे नोकरी देण्यापेक्षा दोघी-तिघींच्या गटाला कर्ज मिळवून द्या आणि स्वतःची खानावळ काढू द्या.

मलप्रभाकाठ (खानापूर)

सर्वांचे आभार. काका, गटाच्या कर्जाची सूचना जावेला फार पटली आहे. माझी अडचण वेगळीच आहे. हात बसलेली बाई सहा महिन्यांनी आम्हीच बाहेर पाठवायची, म्हणजे स्वयंपाकघर कायम नवख्यांच्या हाती राहणार. उद्यमबागेतला कामगार अर्ध्या तासाच्या सुट्टीत येतो, त्याला ताट वेळेवर मिळाले नाही तर तो दुसऱ्या दिवशी शेजारच्या गाड्यावर जाईल. हे कसे सांभाळायचे?

वडगावची मेस (बेळगाव)

बाई, बावीस वर्षे मेस चालवते आहे, म्हणून स्पष्टच लिहिते.

पहिली गोष्ट, सहा-आठ महिने हे फार झाले. तुम्ही ज्यांचा उल्लेख केला, त्या डीसी सेंट्रल किचनचे शिक्षण सुमारे तीन-साडेतीन महिन्यांचे असते, आणि त्यातही शेवटचे काही आठवडे बाहेरच्या एखाद्या स्वयंपाकघरात प्रत्यक्ष काम करण्याचे असतात. शिवाय सुरी धरण्याइतकाच वेळ ते वेळेवर येणे, चिडल्यावर कसे बोलायचे, मुलाखतीत काय सांगायचे, यावर घालवतात. आपल्याकडच्या बायकांना तर स्वयंपाक येतोच. नंदगडच्या बाईला भाकरी थापायला मी काय शिकवणार, तीच मला शिकवील. तिला येत नाही ते माप. घरी ती चिमटीने मीठ घालते, इथे दीडशे माणसांच्या आमटीला चिमूट चालत नाही; डाळ किती, पाणी किती, तेल किती, हे वजनात बोलता आले पाहिजे. त्यानंतर बाजार. मिरची कधी घ्यावी, कांदा कधी भरून ठेवावा, कोथिंबीर महागली तर फोडणी कशी बदलावी. आणि सर्वांत शेवटी एका ताटाची किंमत काढणे, ज्यात गॅस, भाडे, नासाडी आणि स्वतःची मजुरी धरायची असते. यांतले शेवटचे बायका कधीच धरत नाहीत, आणि त्यामुळेच पुष्कळ खानावळी दुसरे वर्ष पाहत नाहीत. एफएसएसएआयचे, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे, प्रशिक्षण असते, तेही करून घ्या. त्या प्रमाणपत्रामुळे केटरर अधिक पगार देतो.

दुसरी गोष्ट, निम्म्या जागा एकदम नवख्यांना देऊ नका. चूल, तवा आणि वाढप या तीन ठिकाणी प्रत्येकी एक कायमची, जाणती बाई ठेवा आणि तिच्या हाताखाली एक-एक शिकाऊ द्या. तिघी शिकाऊंपैकी एकच एका वेळी बाहेर पडेल, असे बॅचचे दिवस लावा. शिकाऊ बाईला पहिल्या दिवसापासून पगार द्या, फुकट राबवून घेऊन त्याला शिक्षण म्हणू नका. उचल मात्र सांभाळून द्या. पहिल्याच महिन्यात मोठी उचल घेतलेली बाई लाजेने यायची बंद होते, हे मी पाहिले आहे.

खाड्याचा नियमही आधीच भिंतीवर लावा. विद्यार्थी शनिवारी गावी जातो आणि सोमवारी येऊन दोन दिवस वजा करा म्हणतो, तोवर तुमचा भात शिजून गेलेला असतो. आदल्या रात्री सांगितले तरच खाडा धरायचा. कामगारांचे तसे नसते, ते भुकेचे पक्के असतात, पण त्यांना तिसऱ्या दिवशी तीच भाजी चालत नाही. दहा रुपयांचे जेवण सरकारी इंदिरा कॅन्टीन देते, तेव्हा दराच्या शर्यतीत पडूच नका. तुमच्याकडे तो गरम भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी यांसाठी येईल.

कडोलीच्या काकांची कर्जाची सूचना चांगली आहे, पण ती दुसऱ्या वर्षी. तोवर बाहेर पडणाऱ्या बाईसाठी जागा आजच बोलून ठेवा. लग्नसराईत मंगल कार्यालयांच्या केटररना मापात बोलणारी बाई मिळत नाही, ते शोधतच असतात. दोघा-तिघांना भेटून पगाराचा आकडा आधी ठरवून घ्या आणि मगच पहिल्या बाईला कामावर बोलवा. आणि जूनमध्ये विद्यार्थ्यांचा हिशेब धरू नका, कॉलेजे नीट भरायला वेळ लागतो. पहिले दोन महिने फक्त कामगारांचे दुपारचे डबे करा, 19 किलोचे सिलिंडर आठवड्याला किती जातात ते लिहून ठेवा आणि तो आकडा हातात आल्यावर महिन्याच्या जेवणाच्या कार्डाचा दर ठरवा.